बोलशेठ

मानकोली नाक्यावर, उड्डाणपुलाखाली उभं राहून नुसती "शेठ" अशी हाक मारा. चहाच्या टपरीपासून वजनकाट्यापर्यंत आठ-दहा माणसं वळून बघतील. "बोलशेठ" अशी हाक मारलीत तर मात्र कोणीही वळणार नाही, कारण ज्याला हाक मारली तो फोनवर असेल.

हे नाव मी ठेवलेलं नाही, नाक्याने ठेवलं आहे. फोन वाजला की पलीकडे बँकेचा मॅनेजर असो, ट्रेलरवरचा क्लीनर असो किंवा "सर, आपल्याला पर्सनल लोन हवं आहे का" असं लाडिक विचारणारी मुलगी असो, हा गृहस्थ एकच बोलतो: "बोल शेठ!" एकदा खुद्द सासऱ्यांना बोलला. सासरे दोन दिवस जेवले नाहीत म्हणे, पण तिसऱ्या दिवशी त्यांनीही फोन उचलून "बोल शेठ" म्हटल्याचं ऐकिवात आहे.

बोलशेठ ही एक व्यक्ती आहे असं समजू नका. काल्हेर, दापोडा, पूर्णा, वळ, सोनाळे, भिवंडीच्या गोदामपट्ट्यातलं कुठलंही गाव घ्या, तिथे दोन-चार बोलशेठ असतातच. मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो त्या सगळ्यांतून थोडा थोडा घेऊन तयार झाला आहे. वाचताना कोणाला तो आपणच आहोत असं वाटलं तर त्यांनी कृपा करून गाडी बाजूला घ्यावी आणि मग पुढचं वाचावं.

त्याच्या वडिलांची भातशेती होती. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात खळं आणि उरलेलं वर्ष बैलांचं कौतुक. मुंबईच्या वेशीवर जकात होती तेव्हा व्यापाऱ्यांना एक साधा हिशेब सुचला. माल वेशीच्या आत ठेवून आधीच जकात भरण्यापेक्षा तो वेशीबाहेर ठेवावा आणि लागेल तसा आत न्यावा. वेशीबाहेर, हमरस्त्याला लागून, ग्रामपंचायतीच्या हद्दीत आमची मानकोली होती. भाताच्या खाचरांवर पत्र्याची छपरं चढली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, पण तोवर गोदामांना इथल्या मातीची सवय झाली होती. आता त्यांत ऑनलाइन मागवलेले मिक्सर आणि चपला राहतात. शेठच्या वाट्याला आले दोन गाळे, तीन टेम्पो, शर्यतीच्या बैलांची एक जोडी आणि फोन.

शेठचा धंदा काय, हे कोणाला नीट सांगता येत नाही. मी त्याचे हिशेब लिहितो, मलाही येत नाही. (भिवंडीत हिशेब लिहिणाऱ्याला मेहताजी म्हणतात. मी डोंबिवलीचा, पण शेठच्या लेखी मेहताजीच.) कोणाला गाळा हवा असतो, कोणाला भाडेकरू. कोणाची आयशर नाशिकहून रिकामी परत येत असते, कोणाचा माल नाशिकला तुंबलेला असतो. कोणाची वराई अडते, कोणाचं हॉल्टिंग चढतं, कोणाची बिल्टी हरवते. या सगळ्यांना एकमेकांशी जोडून देणारा एक माणूस लागतो आणि त्या माणसाला सापडेल तिथे, सापडेल तेव्हा बोलावं लागतं. शेठचं उत्पादन म्हणजे बोलणं. कच्चा माल म्हणजे तेही बोलणंच.

आता तुम्ही विचाराल, हे बोलणं ऑफिसात बसून का होत नाही? ऑफिस आहे. त्यात पंखा आहे, देवीचा फोटो आहे आणि दिवसभर गणपतीच्या, क्रिकेटच्या, हळदीच्या वर्गणीसाठी आलेली माणसं आहेत. घरी वीसएक माणसांचा राबता. हळदीला जावं तर डीजेच्या आवाजात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. राहता राहिली गाडी. काचा वर केल्या, एसी लावला की साऱ्या भिवंडी तालुक्यात शेठला एकांत मिळतो तो तेवढ्या जागेत. त्यामुळे लोक जसे फोन करायला खोलीत जातात तसा शेठ गाडीत जाऊन बसतो. गाडीत बसल्यावर ती चालवावी लागते, हा त्याच्या दृष्टीने योगायोग आहे.

फोन धरण्याच्या त्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत आणि कोणाशी बोलणं चाललंय हे त्यावरून मला मागच्या सीटवरून कळतं. कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून मान वाकडी केली असेल तर पलीकडे सरकारी माणूस आहे. अशा वेळी दोन्ही हात मोकळे लागतात, कारण शेठ बोलता बोलता नमस्कारही करतो. डावा हात कानाला आणि उजवा स्टिअरिंगवर असेल तर पलीकडे गिऱ्हाईक. पाव खाताना धरावा तसा फोन तोंडासमोर आडवा धरून, स्पीकर लावून ओरडणं चाललं असेल तर पलीकडे ड्रायव्हर. फोन मांडीवर, मान खाली आणि ओठांवर मंद हसू असेल तर व्हॉट्सॲपवर बैलांचा ग्रुप उघडा आहे. माझा जीव सर्वांत जास्त या शेवटच्या तऱ्हेला घाबरतो. ब्लूटूथ आहे, पण शेठ ते वापरत नाही. एकदा ब्लूटूथ चालू असताना गाळ्याच्या भाड्याचा खरा आकडा गाडीतल्या चौघांनी ऐकला, तेव्हापासून त्या यंत्रावरचा त्याचा विश्वास उडाला.

मी हिशेबी माणूस. एकदा धीर करून त्याला हिशेबाच्या भाषेत सांगून बघितलं. शेठ, "बोल शेठ" म्हणायला एक सेकंद लागतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने चाललेली गाडी तेवढ्यात सुमारे 28 मीटर पुढे जाते. म्हणजे चाळीस फुटी कंटेनर एकामागोमाग दोन ठेवले तरी वर जागा उरेल. आलेला निरोप वाचायला पाच सेकंद धरा, 140 मीटर झाले. तेवढं अंतर तुमची गाडी आई एकवीरा चालवते.

"मंग?" शेठ म्हणाला. "आईपेक्षा चांगला ड्रायव्हर कोन हाय?"

मी केंद्र सरकारचा आकडाही काढून दाखवला. 2021 मध्ये देशात वाहन चालवताना मोबाइल वापरल्यामुळे झालेल्या अपघातांत 1,040 माणसं गेली, आणि ही फक्त पोलिसांच्या कागदावर त्या कारणाखाली चढलेली. शेठ क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "वाईट झाला. पन त्यांना चालवता येत नसल गारी." यावर काय बोलणार? गाडी चालवता न येणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, सगळे दुसऱ्याच्या गाडीत असतात.

त्यात मानकोलीची एक खास सोय आहे. इथे गाडी चालतच नाही. मुंबई-नाशिक महामार्ग, त्यावर ठाण्याहून वडप्याकडे जाणारी वाहनं, अंजूरफाट्याकडून येणारे ट्रेलर, मोठागावच्या पुलावरून येणारे आम्ही डोंबिवलीकर, शिवाय रुंदीकरणाचं काम, अशी सगळी मंडळी एकाच नाक्यावर भेटतात आणि बराच वेळ एकमेकांना सोडत नाहीत. या मुक्कामात शेठने आपला पहिला सिद्धांत मांडला.

"मेहताजी, कायद्यात काय लिवलाय? गारी चालवताना फोन नको. आता बगा भायेर. चाललीय का गारी?"

खरोखरच चालली नव्हती. पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेलं "बुरी नजरवाले" मी अर्ध्या तासात पाठ केलं होतं. तरी मी म्हणालो, की ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स नावाचं राज्य आहे, तिथे सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीतही फोन हातात धरला तर दंड होतो.

"त्यांच्याकरं सिग्नल सुटतो मेहताजी," शेठ म्हणाला.

दुसरा सिद्धांत अधिक खोल आहे. शेठच्या मते फोनचे दोन प्रकार असतात: आपण लावलेला आणि आपल्याला आलेला. आपण लावला तर तो गुन्हा, मान्य. पण आलेला? "वाजला म्हनून उचलला. मी कुठं लावला? लावनाऱ्याचा गुन्हा हाय, उचलनाऱ्याचा नाय. दंड त्याला मारा." या सिद्धांताचं मूळ मला इतिहासात सापडतं. 31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलायचेही पैसे पडत. त्या काळात रस्ते सुरक्षित होते. फोन वाजला की माणूस आधी नंबर बघे, मग फोन कापे, मग गाडी बाजूला लावून पीसीओ शोधे. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि आलेला फोन ही देवाघरची देणगी ठरली. फुकट आलेली वस्तू नाकारणं शेठच्या रक्तात नाही. "बोल शेठ" हे दोन शब्दही त्या महागाईतलेच. तेव्हा नमस्कार, कोण बोलतंय, कसं काय, एवढी चैन परवडत नसे. काटकसर तेवढ्या दोन शब्दांत शिल्लक राहिली, त्यांच्या पुढचं सगळं आता पाऊण तासाचं असतं.

पण शेठचं खरं सामर्थ्य बोलण्यात नाही, ते फोन दुसऱ्याच्या हातात देण्यात आहे. अवघड प्रसंग आला की शेठ कोणाला तरी फोन लावतो आणि समोरच्याच्या पुढे धरून म्हणतो, "साहेब, जरा बोलून घ्या." विजेचं बिल, शाळेतला प्रवेश, इस्पितळातली खाट, लग्नाचा हॉल, सगळी कुलपं त्याने या एका किल्लीने उघडलेली मी पाहिली आहेत. पलीकडे कोण असतं? कधी सरपंच, कधी माजी सरपंच, बहुतेक वेळा होऊ घातलेला सरपंच. एकदा पलीकडे कोणीच नव्हतं, बॅटरी संपली होती, तरी समोरच्याने "हो साहेब, हो साहेब" म्हणून काम करून दिलं.

रस्त्यावर हवालदाराने अडवलं तरी हाच प्रयोग. त्यातली गंमत अशी की अडवलेलं असतं फोनवर बोलल्याबद्दल आणि शेठचा बचाव म्हणजे आणखी एक फोन. काही हवालदार फोन घेत, काही "तो आधी खाली ठेवा, मग बोलू" म्हणत, काही न बोलता पावती फाडत. पण काहीही झालं तरी बोलणं होई. कुठले तुम्ही, आमच्या मावशीचं गाव तिकडेच, यंदा पाऊस कसा काय. शेठला दंड भरल्याचं दुःख कधीच नव्हतं. दंडाच्या निमित्ताने त्याला माणसं मिळत. त्याच्या फोनमध्ये "हवालदार चांगला" आणि "हवालदार कडक" अशा नावांनी बरेच नंबर आहेत आणि दिवाळीला तो दोघांनाही शुभेच्छा पाठवतो.

आणि मग कॅमेरे आले.

फोनवर बोलणाऱ्या चालकांना टिपणारे कॅमेरे जगात प्रथम मोठ्या प्रमाणावर लावले ते त्या न्यू साउथ वेल्सने, 1 डिसेंबर 2019 पासून. पहिले तीन महिने त्यांनी नुसत्या समजपत्रांवर भागवलं. आपल्याकडे केरळने 5 जून 2023 पासून 726 कॅमेऱ्यांच्या जोरावर दंड आकारायला सुरुवात केली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 च्या जुलैपासून कमानी बोलू लागल्या. बोलू लागल्या कसलं, बघू लागल्या. हे कॅमेरे रस्त्यावर उंच बसतात आणि वरून तिरके, काचेतून आत, थेट मांडीपर्यंत बघतात. शेठची मंद हसूवाली तऱ्हा हवालदाराला कधी दिसली नव्हती, ती यांना दिसते. रात्र असली तरी अवरक्त प्रकाशात दिसतं, चालकाला चमकसुद्धा जाणवत नाही. संगणक हजारो चित्रांतून संशयित चित्रं वेचतो, त्यावर माणूस नजर टाकतो, आणि मग नंबरप्लेटीवरून चलन निघतं.

शेठने हे सगळं माझ्याकडून शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "त्याचा नंबर काय?"

"कोणाचा?"

"कॅमेऱ्याचा. म्हंजे त्याच्या साहेबाचा. बोलून घेऊ ना."

मी सांगितलं, की शेठ, हा बोलत नाही. याला मावशीचं गाव नाही. याच्या हातात फोन देता येत नाही, याला हात नाहीत. शेठचा चेहरा इतका पडलेला मी शर्यतीत बैल दावं तोडून पळाले तेव्हाही पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर असं काही उभं राहिलं होतं की ज्याच्याबद्दल कोणालाही फोन लावून उपयोग नव्हता.

पहिलं चलन आलं ते एकवीरेच्या वाटेवरचं. आगरी-कोळ्यांची ही कुलदेवता कार्ल्याच्या डोंगरावर बसते, आणि मानकोलीहून तिकडे जायचं तर मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली करत द्रुतगती मार्ग पकडावा लागतो. चैत्रातली यात्रा जवळ आली होती. पालखीच्या तयारीला शेठ एकटा पुढे गेला. चार-पाच दिवसांनी चलनाचा संदेश आला, आणि तो शेठच्या फोनवर आला नाही. गाडी वहिनींच्या नावावर आहे. लक्ष्मी घरच्या लक्ष्मीच्या नावावर असावी, असा विचार करून शेठने ती घेतली होती, आणि नोंदणीला नंबरही त्यांचाच दिला होता. आपल्या फोनवर एवढे फोन येतात, त्यात सरकारचा निरोप हरवायला नको म्हणून.

वहिनींनी संदेश मुलीला दाखवला. मुलगी ठाण्याला कॉलेजात जाते. तिने दोन मिनिटांत चलनाचा फोटो उघडून दिला. मी तेव्हा महिन्याचा हिशेब घेऊन ओट्यावर बसलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं प्रत्यक्ष पाहिलं. फोटो काळापांढरा, पण फार स्वच्छ होता. शेठ, कानाला फोन, आणि तोंडभर हसू. कोपऱ्यात तारीख आणि वेळ.

"त्या येलेला मी तुमाला फोन लावला होता," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "बिझी आला. मंग तुमी बोललाव, गारी चालवत होतू म्हनून उचलला नाय."

"चालवतच होतू," शेठ म्हणाला. फोटोत ते दिसतच होतं.

"हसताव कोनाशी?"

शेठने आठवायचा प्रयत्न केला. माझी खात्री आहे की पलीकडे कोणी तरी टायरवाला किंवा बैलवाला होता, शेठच्या हसण्याला यापेक्षा मोठं कारण लागत नाही. पण दिवसाला शंभर फोन घेणाऱ्या माणसाला चार-पाच दिवसांपूर्वीचं एक हसू कसं आठवावं? तो कॉलची यादी वर सरकवत राहिला. यादी संपेना. वहिनी तो फोटो मोठा करून बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "माज्याशी बोलताना असा एक तरी फोटो दाखवा." दंडाची रक्कम त्या घरात त्या दिवशी कोणी विचारलीही नाही.

त्यानंतर शेठने कायद्याचा अभ्यास सुरू केला. अभ्यास म्हणजे मला वाचायला लावणं आणि स्वतः फोनवर असणं. 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या 184 व्या कलमात हातातल्या फोनचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात धरला जातो. पहिल्या खेपेला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर दहा हजारांचा दंड आणि दोन वर्षांपर्यंतची कैद यांची गाठ पडू शकते. कैद या शब्दाला शेठ थबकला.

"आत फोन देतात?"

"नाही."

त्या दिवशी दुपारभर तो गंभीर होता.

मग मला 2020 च्या नियमांतली एक सवलत सापडली आणि ती मी त्याला सांगितली, ही माझ्या भाबडेपणाची हद्द. गाडी चालवताना लक्ष विचलित होणार नसेल तर फोनचा उपयोग रस्ता शोधण्यापुरता करायला मुभा आहे. शेठ उठून बसला. आता तो चोवीस तास रस्ता शोधत असतो. मानकोलीत जन्मलेला, मानकोलीतच वाढलेला माणूस मानकोली नाक्यावर नकाशा उघडून बसतो. नकाशातली बाई "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणाली की हा तिलाही म्हणतो, "बोल शेठ." पण नकाशा बघताना फोन कानाला का लावावा लागतो, याचं उत्तर अजून तयार झालेलं नाही.

तेवढ्यात नेदरलँड्सची एक जुनी बातमी हाती आली. तिथे एका माणसाला मोबाइलवर बोलल्याचा दंड आला, फोटो काढून बघितला तर तो बिचारा डोकं खाजवत होता. हात कानाजवळ, हातात काहीच नाही. कॅमेऱ्याच्या संगणकाला फोन असल्याचा भास झाला होता. शेठने ही बातमी मानकोलीतल्या प्रत्येक ग्रुपवर टाकली, त्यातल्या निम्म्या ग्रुपवर उड्डाणपूल चढतानाच. मग आठवडाभर तो गाडी चालवताना अधूनमधून मुद्दाम कान खाजवत असे. सरकारला सवय लागावी म्हणून.

गाडीच्या पुढच्या काचेवर "आई एकवीरा प्रसन्न" अशी अक्षरं आधीपासून होती. ती त्याने दुपटीने मोठी करून घेतली. कॅमेऱ्याने वरून पाहिलं तर त्याला आधी आई दिसावी आणि त्याने हात जोडून पुढे जावं, अशी योजना होती. अक्षरं एवढी मोठी झाली की शेठलाच सिग्नल दिसेनात. नशीब, मानकोलीत त्याने फरक पडत नाही.

खांबांची भीती मात्र खरी होती. नाक्यावर कुठलाही नवा खांब दिसला की शेठ फोन मांडीखाली सरकवू लागला. विजेच्या खांबाला, जाहिरातीच्या खांबाला, एका गोदामाच्या दारावरच्या चिमणीच्या घरट्यालासुद्धा त्याने मान तुकवली. केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे असे कॅमेरे असतील तिथे आधी सूचनेचा फलक लावावा लागतो, हे मी त्याला सांगितलं. तेव्हापासून तो फलक वाचतो. सगळेच वाचतो. "येथे गोदाम भाड्याने मिळेल" हा फलक त्याने एवढ्या भक्तिभावाने वाचला की खालचा नंबर पाठ झाला, आणि पुढच्याच वळणावर त्याने तो लावला.

अखेर वहिनींनी निकाल दिला: ड्रायव्हर ठेवा. शेठला हे पटलं, कारण त्यात फोन सोडायचा नव्हता, फक्त स्टिअरिंग सोडायचं होतं. मुरबाडकडचा एक पोरगा मिळाला. गाडी सुरेख चालवी, फोन खिशात ठेवी, मुख्य म्हणजे कमी बोले. शेठने त्याला एकच नियम घालून दिला: शेठचा फोन दोन रिंगांच्या आत उचलायचा, कुठेही असलास, काहीही करत असलास तरी. त्याच्या तिन्ही टेम्पोवाल्यांना हाच नियम आहे. नियम सर्वांना सारखा असावा, या मताचा शेठ आहे. पोराचा नंबर त्याने "ड्रायव्हर नवा" या नावाने साठवला. महिन्याभरापूर्वी टेम्पोवर ठेवलेला ड्रायव्हरही त्याच्याकडे "ड्रायव्हर नवा" याच नावाने होता.

चाकणला एका गोदामाच्या कामासाठी निघालो होतो. पोरगा गाडी चालवत होता, शेठ त्याच्या शेजारी, फायली घेऊन मी मागे. शेठचं चित्त प्रसन्न होतं. हक्काने, कायद्याने, निर्भयपणे फोनवर बोलत तो द्रुतगती मार्गावर लागला. पहिल्याच कमानीकडे बघून त्याने फोन धरलेला हात हलवलासुद्धा. मग त्याला आठवलं, की टेम्पोतला माल वेळेवर निघाला की नाही ते विचारायचं राहिलं. त्याने "ड्रायव्हर नवा" लावला.

पुढच्या सीटवरून लागलेला फोन पुढच्याच सीटवर वाजला. पहिल्या रिंगला पोराने खिशात हात घातला, दुसरी पुरी व्हायच्या आत फोन कानाला.

"हां शेठ."

"कुठं हायस रं?" शेठने डावीकडच्या डोंगराकडे बघत, तार स्वरात विचारलं.

"एक्स्प्रेस वेला शेठ."

"एक्स्प्रेस वेला? तुला भिवंडीला माल उतरवाला सांगितला होता ना?"

"मला नाही सांगितलं शेठ."

"मंग माल कुठाय?"

पोराने आरशात माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर फायली होत्या. "मागे मेहताजी आहेत शेठ," तो अदबीने म्हणाला.

"मेहताजी टेम्पोत काय करतात?"

मी मागून दोघांनाही हाका मारत होतो, पण शेठ फोनवर असताना त्याला प्रत्यक्ष हाक ऐकू येत नाही आणि पोराची नोकरी नवी होती. दुसरी कमान डोक्यावरून गेली.

या खेपेला फोटो वहिनींनी मुलीची मदत न घेता स्वतः उघडला. मला आणि पोराला समोर बसवलं. फोटो पहिल्यासारखाच स्वच्छ होता. पोरगा, उजव्या कानाला फोन. त्याच्याशेजारी शेठ, डाव्या कानाला फोन. मागे दोन सीटांच्या फटीतून माझं अर्धं कपाळ आणि वर उचललेला एक हात.

"यो कोनाशी बोलतंय?" वहिनींनी पोरावर बोट ठेवलं.

"शेठशी," पोरगा म्हणाला.

"आनि तुमी?"

शेठने पोराकडे पाहिलं.

"एका गारीत बसून दोघं फोनवर?" वहिनी म्हणाल्या. "भांडलाव का काय?"

शेठने घसा साफ केला आणि विषय दंडाकडे वळवला. दंड पोराच्या पगारातून कापायचा, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. हिशेबाच्या वहीत तसं लिहा, असं त्याने मला सांगितलं. मी पेन काढलं.

"शेठ," पोरगा पहिल्यांदाच आपण होऊन बोलला, "मी नुसता उचलला. लावलेला तुम्ही."